कळपाचे मुख ओळखा

(पुनरुत्थान काळातील चौथा रविवार : उत्तम मेंढपाळाचा रविवार)



आज उत्तम मेंढपाळाचा रविवार. पुनरुत्थान काळातील चौथ्या रविवारी ख्रिस्तसभा दरवर्षी संत योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपल्यापुढे ठेवते. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली सुरू केल्यापासून हा दिवस पाचारणासाठी प्रार्थना करण्याचा जागतिक दिवस म्हणूनही पाळला जातो. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू खऱ्या मेंढपाळाची एक खूण सांगतो. तो आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. तो पुढे चालतो आणि मेंढरे त्याच्यामागे येतात, कारण त्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा असतो.

हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण सवयीने ऐकलेल्या वचनातले आश्चर्य हरवून जाते. रस्त्यात कळप आडवा आला की आपल्याला काय दिसते? काळ्या-करड्या पाठींचा लोंढा आणि वर उडणारी धूळ. आपण मोटारसायकलचा हॉर्न वाजवतो आणि वाट काढतो. त्या लोंढ्यातल्या प्रत्येकाला स्वतःचे मुख आहे, कोणीतरी त्याला वेगळे ओळखते, हा विचार आपल्या मनात येत नाही. म्हणून या रविवारी आपल्या सभागृहाच्या भिंतीकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो.

भिंतीवरचे चोवीस फोटो

ईस्टरच्या आठवड्यापासून त्या भिंतीवर चोवीस फोटो लावलेले आहेत. आपल्याच धर्मग्रामातील, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेल्या एका मुलीने ते काढले आहेत. आपले नाव छापू नये अशी तिची इच्छा आहे आणि ती मी पाळतो. तिच्याकडे कॅमेरा नाही. घरातल्या साध्या मोबाइलवर, दिवाळीपासून ईस्टरपर्यंत शेतावर जाता-येता, आठवडे बाजारात आणि शिवारात धनगरांचा वाडा उतरला तेव्हा तिने ते काढले. युवकांनी वर्गणी काढून त्यांच्या प्रती करून घेतल्या.

कडब्याच्या गंजीवर चढलेले आणि आता उतरायचे कसे याचा विचार करणारे करडू तुम्ही पाहिलेच असेल. म्हशीच्या पाठीवर स्वस्थ बसलेला बगळा आहे. वीटभट्टीवर डोळे मिटून उभे असलेले गाढव आहे. त्याच्या पाठीवरचे केस जेथे ओझ्याने झिजले आहेत, ती जागा स्पष्ट दिसते. पुढचे दोन्ही गुडघे टेकून आईचे दूध पिणारे कोकरू आहे. धनगराच्या घोडीवर सारे बिऱ्हाड लादलेले आहे, त्यावर कोंबड्या बांधल्या आहेत आणि बाजूच्या झोळीतून एक इवलेसे काळे कोकरू डोके बाहेर काढून जगाकडे पाहत आहे.

लहान मुले त्या भिंतीपुढून हलत नाहीत. एक आजी तर एका फोटोपुढे थांबल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आमची चांदी!" कापलेल्या कानावरून त्यांनी आपली शेळी ओळखली.

परंतु माझ्याकडे दोन तक्रारीही आल्या. पहिली अशी की, बारावीनंतरचे हे महत्त्वाचे दिवस. त्यात मुलीने शेळ्या-मेंढ्यांमागे फिरावे आणि फादरांनी तिचे कौतुक करावे, याचा उपयोग काय? दुसरी तक्रार एका विशिष्ट फोटोबद्दल होती. बाजारात विक्रीसाठी आणलेल्या, चारी पाय सुतळीने बांधलेल्या कोकराचा तो फोटो. "फादर, बाकीचे छान आहेत, एवढा एक काढून टाका. मुले पाहतात. देवळाच्या आवारात असले काही बरे दिसत नाही."

तक्रार करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. म्हणूनच दोन्ही तक्रारींना थोडक्यात उत्तर न देता, आजच्या शुभवर्तमानाच्या प्रकाशात आपण त्यांचा विचार करू या.

पाहणे आणि ओळखणे

नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात (२७:२३) शलमोन शेतकऱ्याला व पशुपालकाला सल्ला देतो की, आपल्या कळपाची स्थिती नीट जाणून घ्यावी. आपल्या भाषांतरात 'स्थिती' किंवा तत्सम शब्द येतो. मूळ हिब्रू भाषेत मात्र तेथे 'मुख' हा शब्द आहे. आपल्या मेंढरांचे मुख ओळख, असा त्याचा शब्दशः अर्थ. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला ठाऊक होते की, डोकी मोजणे वेगळे आणि मुख ओळखणे वेगळे. डोकी तर खाटीकही मोजतो, व्यापारीही मोजतो. मुख ओळखतो तो मेंढपाळ.

तुम्ही म्हणाल, मेंढरांची तोंडे सगळी सारखीच! आपल्याला तशी वाटतात. मेंढरांना तशी वाटत नाहीत. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००१ साली 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात आपले संशोधन छापले. त्यातून असे दिसून आले की, एक मेंढी दुसऱ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे वेगवेगळे ओळखू शकते आणि दोन वर्षांहून अधिक काळ ते लक्षात ठेवते. ज्या प्राण्याच्या नावाने आपण अक्कल नसलेल्या माणसाला हिणवतो, त्याची ही स्मरणशक्ती! आपल्यापैकी किती जणांना मिस्सेत मागच्या बाकावर बसणाऱ्या पन्नास जणांचे चेहरे दोन वर्षांनी आठवतील?

या मुलीने मला सांगितलेली एक गोष्ट अशी. वाड्यावरच्या धनगर बाईला तिने विचारले, "मावशी, एवढ्या मेंढरांत तुम्हाला कोणतं कोणतं हे कसं कळतं?" बाई हसून म्हणाली, "तुझ्या आईला तू कशी कळतीस?" मग त्या बाईने एकेक दाखवायला सुरुवात केली. ही नाकावर पांढरा टिपका असलेली, हिची आई घाटात बिबट्याने नेली. ही लंगडी, पण कळपात सर्वांत आधी पाणी हुंगते. हा आडदांड, याला वाघरीत ठेवणे म्हणजे शिक्षा. आपल्या मुलीने मोबाइल खिशात ठेवला आणि तासभर फक्त ऐकत बसली. तिच्या म्हणण्याप्रमाणे, त्यानंतर काढलेले फोटो आधीच्या फोटोंहून वेगळे आले. सभागृहात गेल्यावर तुम्हीही पडताळून पाहा. वरच्या ओळीत कळप आहे. खालच्या दोन ओळींत एकेक मुख आहे.

बंधु-भगिनींनो, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वराने सारे पशू-पक्षी आदामाकडे आणले, ते त्यांना काय नाव देतो हे पाहण्यासाठी. पवित्र शास्त्रात माणसाच्या हातून घडलेले हे अगदी पहिल्या कामांपैकी एक आहे. अजून पाप झालेले नाही, भीती नाही, कत्तल नाही. माणूस एकेका प्राण्याकडे निरखून पाहतो आहे आणि त्याला शोभेल असे नाव शोधतो आहे. ज्याच्याकडे नीट पाहिले नाही, त्याला नाव देता येत नाही. एदेन बागेतल्या त्या पहिल्या कामाचा थोडासा अंश या बारावीच्या मुलीच्या हातून घडला आहे, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

संत थॉमस अक्विनास यांनी एक प्रश्न विचारला होता की, देवाने इतक्या तऱ्हेतऱ्हेचे जीव का निर्माण केले? एखादा उत्तम जीव पुरला नसता का? त्यांचे उत्तर असे की, देवाचा चांगुलपणा एवढा अफाट आहे की कोणताही एक जीव तो पुरेसा दाखवू शकत नाही. म्हणून एकात जे उणे राहते ते दुसरा भरून काढतो. याचा अर्थ असा की, देवाच्या चांगुलपणाची एक छटा अशी आहे जी देवदूतानेही दाखवलेली नाही, ती करडाच्या उडीत दिसते. गाढवाच्या सोशिकपणात आणखी एक दिसते. थोर तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी तर ख्रिस्तापूर्वी तीनशेहून अधिक वर्षे आपल्या शिष्यांना बजावले होते की, क्षुद्र वाटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासाचा पोरकट कंटाळा करू नये, कारण निसर्गातील प्रत्येक गोष्टीत काहीतरी अद्भुत असते.

तेव्हा 'उपयोग काय' या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. जे मूल एका कोकराकडे तासभर लक्ष देऊन पाहू शकते, त्याला लक्ष देता येते. आजकाल हीच गोष्ट सर्वांत दुर्मीळ झाली आहे. आपण दिवसाला शेकडो फोटो बोटाने वर सरकवतो आणि एकही पाहत नाही. आणि ज्याला लक्ष देता येत नाही, त्याला अभ्यास करता येत नाही, प्रार्थना करता येत नाही आणि प्रेमही करता येत नाही.

बांधलेले कोकरू

आता त्या दुसऱ्या फोटोकडे येऊ. तो काढून टाकावा का?

आपण कोकराला 'गोड' म्हणतो. नाताळाच्या गोठ्यात मातीचे पांढरेशुभ्र कोकरू ठेवतो. त्यात काही गैर नाही. पण आपल्या श्रद्धेत कोकरू केवळ गोंडस म्हणून आलेले नाही. निर्गमच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या कोकराविषयी एक बारीक सूचना आहे, जी वाचताना सहसा नजरेतून सुटते. कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचे आणि चौदाव्या दिवसापर्यंत जपून ठेवायचे. म्हणजे चार दिवस ते कुटुंबाजवळ राहणार. त्या चार दिवसांत घरातल्या मुलांनी त्याला पाला खाऊ घातला नसेल का? त्याच्या गळ्यात हात टाकले नसतील का? चौदाव्या दिवशी संध्याकाळी त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लागले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला माहीत होते की हे रक्त कोणाचे आहे. आपल्या सुटकेची किंमत त्यांना नावानिशी ठाऊक होती.

संदेष्टा यशया त्रेपन्नाव्या अध्यायात देवाच्या दुःखी सेवकाचे वर्णन करताना, वधासाठी नेल्या जाणाऱ्या मुक्या कोकराचीच उपमा देतो. यार्देन नदीच्या काठी योहान बाप्तिस्ता येशूकडे बोट दाखवून त्याला देवाचे कोकरू म्हणतो. ऐकणारे शेतकरी होते, पशुपालक होते, यरुशलेमच्या मंदिरात बळी नेणारे होते. त्यांच्या डोळ्यांपुढे खेळण्यातले कोकरू आले नसणार. पाय बांधलेले कोकरू आले असणार.

स्पेनमधील माद्रिद शहरात प्रादो हे जगप्रसिद्ध संग्रहालय आहे. फ्रान्सिस्को दे झुर्बारान या चित्रकाराने १६३५ ते १६४० या काळात रंगवलेले एक चित्र तेथे आहे. चित्रात क्रूस नाही, देवदूत नाही, कोकराच्या डोक्याभोवती तेजोवलयही नाही. मागे काळोख आणि पुढे एका फळीवर चारी पाय एकत्र बांधलेले कोकरू, एवढेच. लोकरीची प्रत्येक वळी जशीच्या तशी रंगवलेली. त्या चित्राचे नाव 'देवाचे कोकरू'. आपल्या मुलीने हे चित्र कधी पाहिलेले नव्हते. तिने बाजारात जे दिसले ते टिपले. पण सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने जे पाहिले, तेच तिलाही दिसले.

आपल्याकडे सणाला, लग्नाला मटण शिजते. ते पाप आहे असे मी म्हणत नाही, पवित्र शास्त्रही तसे म्हणत नाही. धनगराचे पोट त्या विक्रीवर चालते. लोकरीला भाव राहिला नाही, तेव्हा जनावर विकल्याशिवाय त्याच्या घरी चूल पेटणार नाही. परंतु जे ताटात येते त्याला एक मुख होते, हे विसरायचे नाही. नीतिसूत्रांत (१२:१०) नीतिमान माणसाची एक खूण दिली आहे की, तो आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो. उन्हात पाण्याविना बांधून ठेवणे, टेम्पोत कोंबणे, ओझ्याने पाठ सोलणे, हे पोटासाठी आवश्यक नसते. तो निव्वळ निष्काळजीपणा असतो, आणि निष्काळजीपणाचा जाब देव विचारतो. योनाच्या पुस्तकाचा शेवट आठवा. निनवेवर दया का करावी, हे सांगताना परमेश्वर तेथील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांचा उल्लेख करतो, आणि त्याबरोबरच तेथल्या पुष्कळ गुराढोरांचाही करतो.

म्हणून तो फोटो भिंतीवरच राहील. दर रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण देवाच्या कोकराचा तीनदा धावा करतो. मुलांनी विचारले, "याचे पाय का बांधलेत?" तर त्यांना दुसरीकडे नेऊ नका. त्यांना जवळ घ्या आणि सांगा की, हे कोकरू विकले जाणार आहे. आणि एका शुक्रवारी आपल्या प्रभूचेही हात असेच बांधले गेले होते. आपल्या मुलांना धर्मशिक्षणाचा एवढा चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही.

कोकराकडून माणसाकडे

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायात एका कोकराची फार मोठी गोष्ट आहे. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मरू दिले. हे करताना त्याला उरीयाचे मुख दिसले नाही. त्याच्या लेखी तो सैन्यातला एक आकडा होता. मग नाथान संदेष्टा आला आणि त्याने एका गरीब माणसाची गोष्ट सांगितली. त्या माणसाकडे एकच लहान मेंढी होती. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला ती लेकीसारखी होती. गावातल्या श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच ओढून नेली. हे ऐकून दावीद संतापला. तो माणूस मरणास पात्र आहे असे गरजला. तेव्हा नाथानाने त्याच्याकडे बोट केले.

लक्षात घ्या, माणसासाठी बंद झालेले राजाचे डोळे एका कोकराने उघडले. दावीद मुळात मेंढपाळ होता. मेंढीचे मुख त्याला अजून ओळखता येत होते, म्हणून त्या वाटेने देवाचा संदेष्टा त्याच्या काळजापर्यंत पोहोचू शकला. मुक्या जिवाविषयीची माया ही छोटी गोष्ट नाही. बाकीचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर देवाला आत येण्यासाठी तो एक दरवाजा शिल्लक असतो.

पण ती माया तेथेच थांबली तर? नाथानाच्या गोष्टीवर दावीद नुसताच हळहळला असता आणि उरीया त्याला आठवलाच नसता तर? हा प्रश्न मी आपल्या सर्वांपुढे ठेवतो. सभागृहातल्या फोटोंमधील कोकरांचे आपण भरभरून कौतुक केले. त्या कोकरांचा वाडा मात्र आपल्या शिवारात आठ दिवस उतरला होता. त्यांनी कोणाच्या विहिरीवरून पाणी आणले? किती जण त्यांच्याशी दोन शब्द बोलले?

चोवीस फोटोंत माणसे फक्त दोनांत आहेत. एक फोटो पहाटेचा आहे. शेतात वाघर लावून मेंढरे बसवलेली, आणि वाघर जेथे उघडते नेमका तेथे एक धनगर घोंगडी पांघरून आडवा झोपलेला. मेंढरू बाहेर जायचे तर त्याला ओलांडून जाणार, आणि उसातला बिबट्या आत यायचा तर त्यालाही आधी त्यालाच ओलांडावे लागणार. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःला मेंढरांचे दार म्हणतो. दार आणि मेंढपाळ एकच कसा, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर हा फोटो पाहा.

दुसऱ्या फोटोत सात-आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिने कोकरू छातीशी धरले आहे. कोकराचे डोळे मिटलेले आहेत, मुलीचे उघडे आहेत आणि ती सरळ आपल्याकडे पाहते आहे. शाळेच्या दिवसांत ती शिवारात होती, कारण वाडा चालत राहतो आणि शाळा एका जागी असते. दिवाळीनंतर पारनेरकडचे कितीतरी वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. त्या वाटेवर अशी किती मुले असतील!

आपल्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या आणि धनगर समाजात जन्मलेल्या. जिल्ह्याचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्याच समाजाची लेकरे गावाबाहेर तळ देतात तेव्हा आपण त्यांना 'ते मेंढरंवाले' म्हणतो. बंधु-भगिनींनो, वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना कोणी शिकवायला नको. आपल्या पणजोबांना गावाच्या पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, तेव्हा कोणीतरी त्यांच्याकडे पाहिले, त्यांना नावाने हाक मारली. त्या हाकेमुळे आज आपण या देवळात बसलो आहोत. इब्री लोकांस पत्रात (१३:१२) म्हटले आहे की, येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले. आणि त्याच्या जन्माची वार्ता सर्वांत आधी रात्री रानात मेंढरे राखत बसलेल्यांना मिळाली होती. ज्यांना देवाने पहिले निमंत्रण दिले, त्यांना आपण शेवटी ठेवायचे, हे शोभणारे नाही.

माझी कोकरे चार

पुनरुत्थित येशूने तिबिर्याच्या सरोवराकाठी पेत्राला तीनदा विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? आणि तीनदा कळप त्याच्या हाती सोपवला. मूळ ग्रीक भाषेत पहिल्या वेळी 'कोकरे' असा शब्द आहे, पुढच्या दोन वेळी 'मेंढरे'. ख्रिस्तसभेच्या पहिल्या मेंढपाळाला आधी लहानग्यांची जबाबदारी मिळाली.

रोममध्ये प्रिसिलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातले एक भित्तिचित्र आहे. उत्तम मेंढपाळ मध्यभागी उभा आहे आणि त्याच्या खांद्यावर कोकरू नसून शेळीचे जनावर आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेरडे डावीकडे जातात, हे त्या काळच्या ख्रिस्ती लोकांनाही माहीत होतेच. तरीही कबरीवरच्या छतावर त्यांनी प्रभूच्या खांद्यावर शेळी दिली. कोणाचाही जीव डावीकडे जावा अशी त्या मेंढपाळाची इच्छा नाही, एवढाच अर्थ मी त्यातून घेतो. आपल्या घरातही कधी एखादे मूल असे असते. ते आपण आखलेल्या रांगेत चालत नाही, कुंपण ओलांडते, गंजीवर चढते. त्याला हाकलू नका. प्रभूच्या खांद्यावर त्याच्यासाठी जागा आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ रोजी, पवित्र गुरुवारच्या सकाळच्या मिस्सेत धर्मगुरूंना सांगितले होते की, मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास आला पाहिजे. २०२५ साली ते प्रभूकडे गेले, पण हे वाक्य त्यांच्यामागे राहिले आहे आणि ते फक्त धर्मगुरूंसाठी नाही. आई-बाप हे मेंढपाळ आहेत. शिक्षक, धर्मशिक्षक, युवकांचे प्रमुख हे मेंढपाळ आहेत. आपली कितीतरी मुले आज पुण्यात खोली घेऊन राहतात, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत पाळीत काम करतात. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्यांची नावे नीट लिहिलेली आहेत. पण नोंदवहीतले नाव आणि कोणीतरी प्रेमाने मारलेली हाक यांत फार अंतर आहे. फोन करून 'पगार झाला का' एवढेच विचारणे, हे डोकी मोजणे झाले. 'जेवलास का, आवाज का असा येतोय,' हे मुख ओळखणे झाले.

आणि पाचारणाच्या या दिवशी पालकांना एक विनंती. मुले कशाकडे टक लावून पाहतात, ते पाहा. देवाची हाक बहुधा तेथूनच येते. या मुलीला पुढे पशुवैद्य व्हावेसे वाटेल, शिक्षिका व्हावेसे वाटेल, धर्मभगिनी व्हावेसे वाटेल; ते देव आणि ती ठरवतील. सीईटीचा अभ्यासही ती करतेच आहे. परंतु आपण जे जे होणार ते माया लावून होणार, एवढे तिने आतापासून शिकून घेतले आहे. 'उपयोग काय' याचे हे दुसरे उत्तर.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या.

पहिली. सभागृहात जाऊन कोणताही एक फोटो निवडा आणि एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला लागतो तेवढा वेळ त्याच्यापुढे शांत उभे राहा. मोबाइलवर त्याचा पुन्हा फोटो काढू नका, नुसते पाहा.

दुसरी. ऊन वाढत चालले आहे. देवळाच्या आवारातला हौद आजपासून रोज भरला जाईल आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कळपासाठी उघडा राहील. युवकांनी पाळ्या लावून घ्याव्यात. शेत असलेल्यांनी आपल्या विहिरीवरही तसेच करावे, आणि वाड्यावरच्या माणसांना आधी पाणी विचारावे, मग मेंढरांना.

तिसरी. बाहेरगावी असलेल्या एका तरुणाला किंवा तरुणीला प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यात फोन करावा. काही काम सांगू नये, काही विचारणा करू नये. फक्त नावाने हाक मारावी.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू आमचा मेंढपाळ आहेस आणि आमच्यासाठी बांधले गेलेले कोकरूही तूच आहेस. गर्दीत तुला आमचे मुख वेगळे दिसते, आमचे नाव तुझ्या ओठांवर आहे. आमचे डोळे उघड. आमच्या गोठ्यातला मुका जीव, आमच्या शिवारात उतरलेला पाहुणा आणि आमच्या घरातले अबोल झालेले लेकरू आम्हाला नीट पाहू दे. तू पुढे चाल, आम्ही तुझा आवाज ओळखून मागे येऊ. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू